नऊची रायफल

आजोबांनी निजामाच्या काळात हैदराबादेहून ऑस्ट्रियन बनावटीची रायफल आणली. तिच्यात चार मापं मिळायची: साडेसहा, आठ, नऊ आणि साडेनऊ मिलिमीटरच्या काडतुसांची. आजोबांनी नऊची घेतली. का? तर त्यांचा जोडाही नऊ नंबरचाच होता! एवढ्या अभ्यासावर आमच्या घराण्याचा हा निर्णय झाला.

पुढं पंचाईत झाली. वसमत तालुक्यातल्या बाकी परवानेवाल्यांची काडतुसं दुकानात मिळायची, आमची नांदेडातही नाहीत आणि हैदराबादेतही नाहीत. दुकानदार तर आम्ही बैलगाडीला विमानाचं चाक मागितल्यासारखे बघायचे. आजोबांनी वडलांच्या जन्माआधीच सगळी काडतुसं उडवली होती. उरलं एक. "आभाळ फाटल्यागत वाजती," असं ते सांगायचे. तो आवाज एकदा तरी आपल्या कानांनी ऐकायचा, हाच वडलांचा आयुष्यभराचा ध्यास.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी हळदीच्या शेतात रानडुकरं शिरली. वडील उठलेच. "हवेत बार काढू. आज वाजवायचीच!" आई, थोरला भाऊ आणि मी त्यांच्या मागं बांधावर.

काडतूस आत जाईना. ढकललं, फिरवलं, फुंकर घातली, छे! आई दर खंडेनवमीला रायफलीसोबत काडतुसाचीही पूजा करायची. हळद, कुंकू, वर तेलाचा थेंब. इतक्या वर्षांचा थर त्यावर बसला होता.

"अगं, पुसलं काहून न्हाई कधी?"

"अवो, देवाचं लेणं पुसत असत्यात का?"

"नऊचं साडेनऊ करून ठेवलं तू!"

आईनं घरून चिंच आणली आणि तांब्या घासावा तसं ते काडतूस घासलं, पदरानं कोरडं केलं. डुकरांचा नाश्ता निवांत चालला होता. काडतूस आत बसलं. वडलांनी नळी आभाळाकडं धरली, डोळे मिटले, चाप ओढला.

टच्.

बस्, एवढंच. भाऊ फिस्सकन हसला, मग मी, मग वडीलच इतक्या जोरात हसले की काही विचारू नका. नशीब, नळी वरच होती. कारण तेवढ्यात ती वाजली! जुनी दारू, सावकाश पेटली. डुकरं पसार, बाभळीवरचे बगळे आभाळात, भाऊ चिखलात.

"वाजली?" वडलांचं हसू तोंडातच राहिलं. "अरे, मी हसून राहिलो व्हतो! नीट आयकूच आली न्हाई!"

त्यांनी एकेकाला विचारलं, कसा होता आवाज? भाऊ म्हणाला, ट्रकचं टायर फुटल्यासारखा. मी म्हटलं, वीज पडल्यासारखा. दोन्ही वेळा त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग आईकडं वळले.

आई ठामपणे म्हणाली, "मामंजी सांगायचे ना, बराबर तसाच."

वडलांचे डोळे भरून आले. "व्हय ना?" म्हणत ते पुन्हा हसायला लागले.

मी मात्र पाहिलं होतं. बार झाला तेव्हा आईची दोन्ही बोटं कानात होती.