काजळीचे हात

पालमच्या गाडीचा कंडक्टर दुकानाशी थांबून म्हणाला, "तुमचे मास्तर गेले म्हणं, अप्पा." त्या 'तुमचे'नं मी दचकलो. टोमणा होता, की माणूस सहज बोलला, हे महिना झाला तरी मला ठरवता आलेलं नाही... कापडाच्या धंद्यात जन्म गेला. साध्या शब्दाचंही अस्तर उसवून बघायची खोड लागली.

दुष्काळात गावची पायऱ्यांची बारव कोरडी पडली. गाळ काढताना भिंतीत कोरलेली अक्षरं उघडी पडली. तेव्हा शाळेतल्या कांबळे मास्तरांनी चावडीशेजारच्या खोलीत गावातलं जुनं सगळं मांडायचं मनावर घेतलं. कुणी दगडी दिवा दिला, कुणी निजामाच्या वेळची मापं दिली. किल्ली मास्तरांकडे, मदतीला मी. मास्तर ओला कागद दगडावर बसवायचे आणि काजळीत बुडवलेली चिंधीची पुरचुंडी वरून थोपटायचे. कागद काळा व्हायचा, अक्षरं पांढरी उमटायची. असे ठसे खोलीभर खिळ्यांवर लागले. एक ठसा मात्र, मी बारवेत उतरताना दिसलो, की मास्तर गुंडाळून ठेवत. "हा मग दाखवतो," म्हणत.

ते बौद्ध, मी लिंगायत. बारवेलगतचं महादेवाचं देऊळ आमच्या लोकांच्या वहिवाटीतलं. त्या कागदात देवळाच्या मालकीचं काही निघालं असेल काय? हा किडा मला आतून पोखरत राहिला. विचारलं मात्र कधीच नाही. गावाला वेगळाच संशय होता, गुप्तधनाचा. चावडीवर एकानं मला गाठलं. "तुमी तर संगंच असता. मास्तर रोज हात काळे करून यायलाय. काय करायलाय तिथं?"

काजळी मीच माझ्या घरातल्या कंदिलांची गोळा करून देत होतो. तरी म्हणालो, "काय माहीत."

तेवढं पुरलं. चावडीवरच्या मंडळींनी खोलीची किल्ली मागितली, मास्तरांनी दिली. वाटेत मला विचारलं, "अप्पा, तुम्ही काय सांगितलं?"

"मी काहीच बोललो नाही."

"तेच की," ते म्हणाले. मग त्यांनी पालमला बदली मागून घेतली.

पालमला त्यांच्या घरी गेलो, ते मास्तर वारल्यावरच. खाटेसमोरच्या भिंतीवर तो ठसा होता. अक्षर एकही नाही, नुसत्या वाकड्यातिकड्या घरांचा पट. वहिनी म्हणाल्या, "बारवेची पायरी हाय. तिच्या खाली आमच्या लोकांना उतरू देत न्हवते. पाणी वाढणारं माणूस येईस्तोवर पोरं तिथं खड्यांनी खेळायची. ह्येबी खेळलेत." मग म्हणाल्या, "तुमाला दाखवावं का न्हाई, ठरंना त्यांचं. म्हणायचे, अप्पानं इचारलं की दाखवतो."

पाणी वाढायला कधी कधी आमच्या घरचाच गडी जायचा. त्याला उशीर व्हायचा... खोलीसाठी मी तो ठसा मागितला. वहिनींनी मान हलवली. "राहू द्या इथंच."

गावची खोली आता पुन्हा उघडली आहे. किल्ली माझ्याकडे असते. भिंतीवर एक खिळा मी रिकामा ठेवला आहे. येणारे विचारतात, इथं काय लावायचं राहिलं? जीभ सवयीनं 'काय मा...' पर्यंत जाते. मग मी बाकड्यावर बसतो, त्यांनाही बसवतो, आणि त्या पायरीपासून सांगायला लागतो.