चूल एकच आहे, असं मी लिहिलं

माझ्या एका शोधनिबंधात एक वाक्य खोटं आहे. ते नजरचुकीनं राहिलेलं नाही, मी ते समजून-उमजून लिहिलं. 'मुलगा व आई एकाच कुटुंबात राहतात.' वाक्य एवढंच. निबंध एका त्रैमासिकात छापून आला, त्यावर बोलायला मला एका परिषदेत बोलावलं, शाल-श्रीफळ मिळालं. आणि त्या वाक्यामुळं माझ्या चुलतीची चूल बंद पडली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी बाजू घेऊ नये.

मी जुन्नरला कॉलेजात शिकवतो. समाजधोरण हा माझा विषय. म्हाताऱ्या माणसांना कुठल्या देशात कोण सांभाळतं, सरकार की लेकरं, आणि पैसे कुठल्या हिशोबानं देतात, हे वाचण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मुलांना मी दरवर्षी एक गोष्ट घोळून घोळून सांगतो. युरोपात उत्तरेकडच्या देशांमध्ये म्हातारपणाचं पेन्शन माणसाला मिळतं, कुटुंबाला नाही. म्हातारीचा लेक गर्भश्रीमंत असला तरी तिचं ते तिचं. लेक तिला जेवायला घालतो का, हे बघायला कुणी तिच्या घरात डोकावत नाही. आपल्याकडं मात्र आधी लेकाचं घर बघतात, वर कौल आहे की स्लॅब, दारात काय उभं आहे. हे सांगताना माझा आवाज चढतो. मुलं म्हणतात, सर या तासाला पेटतात.

असा पेटणारा मी, आणि लिहिताना मी लेकाच्या दारात काय उभं आहे तेच लिहिलं.

त्याचं कारण माझ्या वडिलांच्या दशक्रियेत आहे. वडील गेले तेव्हा मी परदेशात एका विद्यापीठात अभ्यासवृत्तीवर होतो. येईपर्यंत सगळं उरकलं होतं, दशक्रियेला तेवढा पोचलो. आमच्या जुन्नर-आंबेगावात दशक्रियेला घाटावर माईक असतो. पिंडाला कावळा शिवेपर्यंत एकेक जण उठून श्रद्धांजली वाहतो. पतसंस्थेच्या संचालकापासून पुढच्या निवडणुकीच्या उमेदवारापर्यंत सगळ्यांचा नंबर लागतो. त्या दिवशी शेवटी माझ्या थोरल्या चुलतभावानं माईक घेतला. त्याला मी दादा म्हणतो. शिनोलीच्या पुढं भीमाशंकरच्या रस्त्याला त्याचं हॉटेल आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या भाविकांवर चांगलं चालतं.

"आमचा भाऊ लई शिकला," तो म्हणाला. "तिकडं गोऱ्या लोकांच्या म्हाताऱ्यांना सरकार कसं संभाळतं, त्याचा आभ्यास करतोय. हितं आमचा चुलता खोकून खोकून गेला, त्याला दवाखान्यात मी नेला. चांगलंय. ज्याचा त्याचा आभ्यास."

लोक हसले. दशक्रियेला हसतात तसे, तोंडावर उपरण्याचं टोक धरून. माझं डोकं भादरलेलं, अंगावर ओला पंचा, समोर पिंड. आणि तो खरं बोलला होता. कुणी खोटं बोललं की त्याचा राग चार दिवसांत निवतो. खऱ्याचा राग मी पुढं कितीतरी वर्षं पोसला. जेवताना, शिकवताना, पेपर तपासताना तो माझ्या शेजारी बसलेला असायचा, आणि मी त्याला रोज थोडं खायला घालायचो.

मग तो निबंध आला. विषय होता, सरकारी मदत नको त्या घरात कशी जाते. त्यासाठी गावाकडची उदाहरणं हवी होती. दोन खरी मिळाली. तिसरं मी असं लिहिलं: तीर्थक्षेत्राच्या रस्त्यावर हॉटेल चालवणारा मध्यमवयीन पुरुष, दुमजली स्लॅबचं घर, चारचाकी, हॉटेलच्या दारात सिमेंटचा रंगवलेला नंदी, ज्याच्यापाशी भाविक फोटो काढतात, आईला निराधार योजनेचं पेन्शन सुरू. आणि त्यापुढं ते वाक्य.

छापायला देण्याआधी मी निबंध आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना दाखवला. जुन्नरच्या जुन्या अत्तरवाल्यांच्या घरातला माणूस, शुद्धलेखनाचा पक्का. त्यांनी तिसऱ्या उदाहरणाशी पेन्सिल थांबवली.

"राव, नाव काढलंत, गाव काढलंत, आणि नंदी तेवढा आहे तिथंच बसवलात?"

मी म्हटलं, त्यानं वर्णनाला जरा जिवंतपणा येतो.

"येतो ना," ते म्हणाले. "शिंगंपण येतात."

मी हसण्यावारी नेलं. नंदी काढला असता तर निबंधाचं काही बिघडलं नसतं. पण मला निबंधातनं तो नंदीच पाठवायचा होता.

आता जिजीबद्दल. जिजी म्हणजे दादाची आई, माझी चुलती. वडील बदलीच्या नोकरीत गावोगाव हिंडत होते तेव्हा माझी चौथीपर्यंतची शाळा वर डोंगरात तळेघरला तिच्या घरात राहून झाली. दादानं खाली हॉटेल टाकल्यावर त्यानं तिला आपल्याकडं नेलं होतं. काही महिने ती राहिली, मग एक दिवस तवा, परात आणि एक पातेलं घेऊन परत वर निघून गेली. भांडण झालं नव्हतं. तिनं मला एवढंच सांगितलं होतं की सून वाढायला बसली की म्हातारीची अर्धी भाकरी होते न होते तोच तवा खाली उतरवायची. उतरलेल्या तव्याकडं बघून दुसरी भाकरी कोण मागणार?

तेव्हापासून ती वर एकटीच राहायची. थोडा भात, थोडी नाचणी, चार कोंबड्या, आणि ते पेन्शन. आम्ही पुस्तकांतून ज्याला लाभ म्हणतो त्याला ती पगार म्हणायची. पगार झाला की मिळेल त्या गाडीनं घोडेगावला उतरायची, आणि येताना मुद्दाम दादाच्या हॉटेलापाशी थांबून समोरच्या टपरीवर चहा प्यायची, स्वतःच्या पैशांनी, लेकाला दिसेल असा. दादा गल्ल्यावरून बघत राहायचा. तोही सूडच होता, पण त्यात कुणाचं काही जात नव्हतं.

हे सगळं मला माहीत होतं. निबंधात मी यातलं काही घातलं नाही, कारण वेगळी चूल लिहिली असती तर उदाहरणच उरलं नसतं.

निबंध आल्यावर पानाचा फोटो कुणीतरी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्याखाली दुसऱ्या कुणी नंदीचा फोटो टाकला. दिवस मावळेपर्यंत दादाचं नाव 'नंदीवाला निराधार' पडलं होतं. मी ग्रुपवर गप्प होतो, पण फोन हातातनं खाली ठेवत नव्हतो. प्रत्येक हसऱ्या चिन्हाला माझ्या छातीत गार वाटत होतं. एकानं लिहिलं, "दादा, पगार झाला का?" त्या ओळीवर मी परत परत जाऊन आलो. इतकं सुख मला पीएच.डी. मिळाली तेव्हाही झालं नव्हतं.

मग गावच्या राजकारणातल्या, दादाच्या विरोधी पार्टीतल्या कुणीतरी तो निबंध जोडून तक्रार केली. चौकशी लागली आणि जिजीचा पगार थांबला. मी घरी बायकोला म्हणालो, इतकं होईल असं वाटलं नव्हतं. कॉलेजातही हेच म्हणालो. पुन्हा पुन्हा म्हणून ते मला जवळजवळ खरं वाटायला लागलं होतं.

दादाचा फोन आला. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. तो अगदी गोड बोलला.

"साहेब, तुमचं लिवल्यालं वाचलं. आमी एका चुलीवर हाये म्हंता तुमी. मंग आता तसंच करतो. शिकल्याल्या माणसाचं खोटं पडाया नको."

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन वर गेला. जिजीची नाचणी पोत्यात भरली, कोंबड्या शेजारी देऊन टाकल्या, दाराला कुलूप लावलं आणि तिला खाली आणली. पगार नाही म्हटल्यावर तिला नाही म्हणता आलं नाही. त्यानं मला कोर्टात खेचलं नाही, चार माणसांत धरलं नाही. माझं खोटं वाक्य त्यानं उचललं आणि खरं करून दाखवलं. त्याहून वाईट माझं तो काय करू शकला असता?

मी भेटायला गेलो तेव्हा ती हॉटेलाच्या मागच्या बाजूला पत्र्याखाली बसून लसूण सोलत होती. मला बघून उठली. मला जन्मभर 'आरं' आणि 'मेल्या' म्हणणारी ती बाई पदर सावरून म्हणाली, "या साहेब. चा घेता का?"

मी म्हटलं, जिजी, असं काय करतीस? आतून दादा ओरडला, "आये, पावण्याला खुर्ची दे." आणि तिनं खरोखर खुर्ची आणून ठेवली. मी त्या खुर्चीत बसलोही.

परत येताना एसटीत मी ठरवलं की हे उलटवायचं. पेन्शन पुन्हा सुरू करून घ्यायचं, आणि ती वेगळीच राहत होती, लेकानं तिला आता बळजबरीनं आणलीय, असा जबाब द्यायचा. बायकोला सांगितलं, जिजीची चूल परत पेटवायचीय. खरं म्हणजे मला दादा कचेरीच्या बाकावर खाली मान घालून बसलेला बघायचा होता. दशक्रियेचं अजून फिटलं नव्हतं.

मी अर्ज केला, आणि घोडेगावच्या तहसील कचेरीत सुनावणीला आम्ही तिघं समोरासमोर बसलो. मी म्हणालो, चूल वेगळी होती. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, मग तुम्हीच लिहिलेलं हे काय आहे? मी म्हणालो, तपशिलात गफलत झाली. दादा म्हणाला, प्राध्यापक माणूस आधी लिहितो ते खरं असतं. खोलीत दोघं-तिघं हसले आणि माझं तोंड घाटावर झालं होतं तसंच झालं. मग मी सुनेचं काढलं, तव्याचं काढलं, जिजीनं मला विश्वासानं सांगितलेलं सगळं त्या टेबलावर ओतलं. दादाची मान खाली गेली. मला हवी होती तशीच गेली. मी जिजीकडं बघितलं, तर तिची त्याच्याहून खाली होती.

साहेबांनी तिला विचारलं, आजी, तुम्ही कुठं जेवता?

"ह्ये दोघं म्हंत्यात ते लिवा," ती म्हणाली. "ह्यांच्या भांडणात माझी चूल इझली. आता मला काय इचारता?"

फेरतपासणीचा शेरा पडला. अर्ज अजून तिथंच आहे. जिजी मात्र त्या दिवशी ना दादाच्या गाडीत बसली, ना माझ्याबरोबर आली. कचेरीतनं परस्पर तळेघरच्या गाडीला लागली. किल्ली दादाकडंच होती, तिनं कुलूप दगडानं फोडलं. पगाराशिवाय राहते आता, लोकांच्या भाताच्या लावणीला जाते, या वयात, पावसात वाकून. मी दिलेलं काही घेत नाही. दोनदा धाडलेलं परत आलं.

त्रैमासिकात मी दुरुस्ती छापून आणली. 'तिसऱ्या उदाहरणातील कौटुंबिक तपशिलात त्रुटी राहून गेली आहे.' जणू त्रुटी आपल्या पायांनी चालत येऊन बसली होती. इतिहासाच्या सरांनी ती वाचली आणि अंक मिटून मला परत दिला.

दादाची माफी मी मागितलेली नाही, आणि मागेन असं वाटत नाही. या दिवाळीला त्यानं नंदी नव्यानं रंगवून घेतला. गाडी तिथनं जाते तेव्हा माझे दात अजून आवळतात. हे माझ्यातनं गेलेलं नाही, ते गेलं असं लिहिलं तर अजून एक वाक्य खोटं होईल.

पण जिजीकडं मी गेलो. त्रैमासिक पिशवीत होतं. ती चुलीपुढं बसली होती, ओलं जळण धुमसत होतं. ती म्हणाली, "बसा." मी उंबऱ्याशी टेकलो आणि सुरुवात दशक्रियेपासून केली, दादा माईकवर काय म्हणाला, लोक कसे हसले, मला काय वाटलं. बरंच बोललो. ती फुंकणी खाली ठेवून, तव्यावरच्या भाकरीला हात घालत म्हणाली, "भाकर करपंल माझी. काय ते बोला लवकर."

मी पिशवी बाजूला ठेवली.

"जिजे, तू वेगळी ऱ्हातीस हे मला माहीत व्हतं. लिहिलं त्याच महिन्यात मी हितं जेवून गेलो व्हतो. तरी मी एकच चूल लिहिली, दादाला चार लोकांत खाली बघाया लावायचं म्हणून. तुझा पगार जाईल हे मला कळलं नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. कळलं व्हतं. लिहितानाच कळलं व्हतं, आणि तरी लिहिलं. माझं चुकलं, जिजे. माफ कर मला."