आधी शून्य बघ

आमच्या मोशीच्या सोसायटीत वाकडं म्हणून काही टिकूच शकत नाही, कारण वरच्या मजल्यावर काका राहतात. चाकणच्या कंपनीत उभी हयात त्यांनी माल तपासण्यात घालवली. कंपनी सुटली, तपासणी काही सुटली नाही. खिशात स्टीलची पट्टी कायम. गणपतीच्या मंडपाचे खांब त्यांनी दोनदा उपटायला लावले, आणि माझ्या दाराचं तोरण डावीकडं उतरलंय म्हणून ऐन हळदीकुंकवात बायकांच्या घोळक्यातून खुर्ची घेऊन आले. कुठलंही माप घ्यायच्या आधी एकच पालुपद: "आधी शून्य बघ. शून्यच चुकलं तर पुढचं समदं खोटं." कुणी लेकीच्या स्थळाबद्दल विचारलं तरी हेच. मला तर वैताग यायचा.

पण आज मला नोकरी आहे ती त्यांच्यामुळे. कुरुळीतलं माझं पॅकिंगचं काम कंत्राट संपल्यावर गेलं होतं. एका कंपनीत स्टोअरची जागा निघाली; अर्ज वेबसाइटवरूनच, शेवटच्या दिवशी पाचपर्यंत. सगळं भरून झालं आणि पाठवायचं बटणच दिसेना. सकाळी मी फडक्यानं कीबोर्ड न् माऊस लख्ख पुसले, तेव्हापासून अक्षरं बोराएवढी झालेली, निम्मं पान स्क्रीनबाहेर. सरकवून पाहिलं, तरी हाती लागेना. रडकुंडीला येऊन काकांना बोलावलं.

काका शांतपणे बसले. "वरपासून वाच. मोठ्यानं."

"काका, साडेचार वाजून गेलेत हो."

"व्हय, म्हणून तर वाच."

दातओठ खात वाचलं; दर ओळ अर्ध्यातच तुटत होती. त्यांनी बोटांनी कळा चाचपल्या, कंट्रोल दाबून धरला आणि शून्य दाबलं. पान झटक्यात मापात आलं. "आता काय काय दिसतंय?" त्यांनी विचारलं. खाली कोपऱ्यात बटण होतं. पाचाला दहा मिनिटं असताना अर्ज गेला. "शून्य हाललं हुतं," म्हणत काका चहासुद्धा न घेता वर गेले.

नोकरी लागल्यावर मी पेढे घेऊन गेले, तर त्यांच्या स्वतःच्या स्क्रीनवर एकेक अक्षर वाटीएवढं.

"काका, हे काय?"

"डोळ्यांनी दगा दिला. लांबचं दिसतं, अक्षर चष्म्यानंबी न्हाई. कंपनी सोडली ती त्यापायीच."

"मग माझ्या पानावरचं कसं दिसलं?"

"कुठं दिसत हुतं? तू वाचत हुतीस की."

मला मेलीला त्यांच्यावर दातओठ खाल्ल्याची इतकी लाज वाटली, की पेढ्याचा पुडा हातातच राहिला.

आता शिफ्टवरून आले की आधी वर जाते. शून्य दाबून पान मापात आणते, बातम्या मोठ्यानं वाचते, आणि निघताना अक्षरं पुन्हा वाटीएवढी करून ठेवते. "बघा बरं काका, बरोबर आहे का?" मग ते खिशातली पट्टी काढून अक्षराला लावतात. पट्टीवरचे आकडे त्यांना दिसत नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असतं.

"हाय," ते म्हणतात, "मापात हाय."