स्पर्धकाची सर्वोत्तम पोस्ट

आमच्या घरात माणसं तीन, पण अम्रीनचे अब्बा कापूरहोळला गॅरेज चालवतात आणि आठवड्यातले निम्मे दिवस तिथेच झोपतात. उरलो आम्ही दोघी. मी खाली, ती माडीवर. जेवायला हाक मारली की येते, पण घास हातात असतानाही तिचं अर्धं लक्ष वरच असतं.

माझी मुलगी अम्रीन सव्वीस वर्षांची आहे. वेल्ह्याकडे किल्ल्याच्या पायथ्याशी धनाजी नावाच्या गृहस्थांची खानावळ आहे. शनिवार-रविवारी गड चढायला आलेली पुण्याची मुलं तिथं पिठलं-भाकरी खातात आणि अंगणात तंबू ठोकून झोपतात. त्या खानावळीचं सोशल मीडियावरचं पेज अम्रीन भोरमधून सांभाळते. फोटो तिकडून येतात, त्यावर लिहायचं हिनं. हे काम टिकलं तर त्यांच्या ओळखीनं आणखी कामं मिळणार होती आणि ती घरी राहणार होती. नाही टिकलं तर पुण्याची एक कंपनी तिला बोलावतच होती. मला काय हवं होतं, ते सांगायला नको.

ती एक टूल वापरते. त्यात आपलं पेज घालायचं आणि त्याच धंद्यातली दुसरी चार पेजेस घालायची. मग कोणी किती पोस्ट टाकल्या, किती लोकांनी पाहिल्या, किती जणांनी खाली काही लिहिलं, हे सगळं एका तक्त्यात शेजारी-शेजारी दिसतं. आपण कुठं कमी पडतो ते कळतं. मी बी.ए. झालेली आहे, तक्ता मला लगेच समजला. पण माझी मुलगी दिवसभर दुसऱ्यांच्या अंगणात बघत बसते, याची सवय व्हायला वेळ लागला.

त्या चार पेजेसवरची माणसं तिला आमच्या गल्लीतल्या माणसांपेक्षा जवळची. एकदा जेवताना म्हणाली, "गेनबा आजोबांना सर्दी झालीय वाटतं. आवाज बसलाय."

"कोण गेनबा?"

"धनाजीकाकांच्या समोरच्या खानावळीतले म्हातारे. त्यांचे व्हिडिओ लई चालतात, अम्मी. आपल्याला त्यांना गाठायचंय."

मी म्हटलं, "आपल्या शेजारच्या बनाबाईंना बरं नाही, ते माहीत आहे का तुला?" तर तिला माहीत नव्हतं.

धनाजी पहाटे उठून कामाला लागायचे, त्यांना बोलायला वेळ नसायचा. म्हणून अम्रीननं अशी सोय केली की दर सोमवारी सकाळी अहवाल आपोआप त्यांच्या मोबाईलवर जावा. त्यातली मराठी वाक्यंही तिनंच बसवली होती. शेवटी यायचं : 'या आठवड्यातील स्पर्धकाची सर्वोत्तम पोस्ट. अशा प्रकारच्या पोस्ट वाढवा.' आणि खाली त्या पोस्टचा फोटो.

त्या सोमवारी ती नाश्त्याला खुशीत आली. समोरच्यांच्या एका पोस्टवर शेकड्यांनी लोकांनी लिहिलं होतं, एवढं आजवर कधी झालं नव्हतं. त्यांनी काय युक्ती केली ते बघते म्हणून ती वर गेली. बराच वेळ काही आवाज नाही. मला राहवेना, म्हणून मी जिना चढले. ती मोबाईल मांडीवर ठेवून बसली होती. फोटोत पागोटं घातलेले गेनबा होते आणि फोटोला हार होता. खाली ओळीनं सगळ्यांनी एकच लिहिलं होतं, भावपूर्ण श्रद्धांजली.

"गेलाय गं अहवाल," ती म्हणाली. "वाचलाय त्यांनी."

धनाजींचा फोन बंद लागत होता. दुपारी कळलं ते आणखी वाईट होतं. खानावळीचे फोटो पाठवणाऱ्या पोरानं सांगितलं, गेनबा हे धनाजींचे सख्खे चुलते. सगळी भावकी सुतकात आहे. अम्रीनला हे ठाऊकच नव्हतं. आडनाव एक होतं, पण त्या गावात निम्म्या घरांचं तेच आडनाव आहे. आणि स्पर्धक कोण, असं तिनं पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा धनाजींनी नुसतं "समोरचा" एवढंच सांगितलं होतं. गिऱ्हाइकांवरून दोन घरांचं बोलणं कधीच बंद झालेलं होतं.

मी म्हटलं, "फोनवर माफी मागायची गोष्ट नाही ही. दुखवट्याला जायचं."

दुसऱ्या दिवशी निघालो. कापूरहोळपर्यंत एसटी, पुढं वडापची जीप, नसरापूरला पुन्हा बदल. ती सगळ्या वाटेत एकदाच बोलली, "काम काढून घेतील का, अम्मी?" मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

धनाजींच्या खानावळीला कुलूप होतं. रस्त्यापलीकडच्या अंगणात घोंगड्यावर माणसं बसली होती आणि त्यांच्यात धनाजीही होते, चुलतभावाच्या, म्हणजे गेनबांच्या मुलाच्या, सोनबाच्या शेजारी. आम्ही बायकांच्या बाजूला जाऊन बसलो. पाणी दिलं, ते घेतलं. मग धनाजींच्या बायकोनं, सुलक्षणानं, अम्रीनकडं बघितलं.

"तूच न्हवं ती? तुझ्या अहवालात आलं, असंच आनिक टाका म्हून. आता कुनाला मारू, सांग."

अम्रीन एकदम म्हणाली, "आजोबा बोलायच्या आधी पागोटं सरकवून डोकं खाजवायचे. मला त्यांचा एकेक व्हिडिओ पाठ आहे. मी बघितलंच नाही हो काय लिहिलंय ते. आकडाच बघितला."

भिंतीशी बसलेल्या एका तरुण बाईनं मान वर केली. ती सोनबाची सून, रत्ना. "डोकं खाजवायचं म्या व्हिडिओतनं सगळं कापत व्हते की. तुला कसं दिसलं?"

"एकदा राहिलं होतं. नाचणीच्या भाकरीच्या व्हिडिओत."

"आगं बया! तूच व्हय ती? आमी टाकलं की दोन दिसांत तुमचं तसंच यायचं. मला वाटायचं, पुन्याच्या कुठल्या हापिसात बसलेत म्हून." रत्ना रडता-रडता हसायला लागली आणि सरकून अम्रीनजवळ आली. दोघी कितीतरी वेळ हळू आवाजात बोलत होत्या. तिच्या कामाचं इतकं कुणाशी बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, निभावलं.

उठायच्या वेळी धनाजी जवळ आले. मुंडण केलेलं डोकं, डोळे सुजलेले.

"पोरी, तुझा काय दोष न्हाई. स्पर्धक म्हून नाव म्याच दिलं व्हतं तुला." मग म्हणाले, "गेनबातात्या गेलं आन् आमी दोगं बोलाय लागलो. तेरावं झालं की दोनी खानावळी एकच करायच्या म्हनतो. मंग पेज बी एकच. ते रत्ना बगल. तिला येतंय."

"हो काका," अम्रीन म्हणाली.

रत्नानं मान खाली घातली. दुखवट्याच्या घरून 'येतो' म्हणायचं नसतं. आम्ही तशाच उठलो.

दोन घरांचं मिटलं म्हणून वाईट वाटून घेणं बरं दिसत नाही. तरी मला वाईट वाटलं. वडापमध्ये मी मनातल्या मनात रत्नाशी भांडले, धनाजींशी भांडले, त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याशीसुद्धा. अम्रीननं मोबाईल काढला, टूल उघडलं आणि त्यातलं एकेक पेज काढून टाकलं. समोरच्यांचं शेवटी काढलं.

कापूरहोळला उतरून गॅरेजवर गेलो. तिचे अब्बा एका टेम्पोखालून बाहेर आले.

"काय झालं?"

"मिटलं त्यांचं," अम्रीन म्हणाली.

"मग बरं झालं की."

"हो. मी पुण्याला हो म्हणते, अब्बा. सोमवारपासून."

ते हात पुसायचं फडकं शोधत राहिले. ते त्यांच्या खांद्यावरच होतं, पण आम्ही दोघींनीही सांगितलं नाही.