आमच्या उतारावर कोणी शेती करत नाही

परवानग्या लवकर मिळाव्यात असं मलाही वाटायचं. आमच्या पाड्याच्या ओढ्यावरचा साकव एका मंजुरीसाठी माझ्या शाळेची सगळी वर्षं अडकून पडला होता. ओढा भरला की माझी शाळा बुडायची. त्यामुळे पालघरच्या कॉलेजात एका पाहुण्यांनी सांगितलं की आता मोठ्या प्रकल्पांना एकाच ठिकाणी, ठरलेल्या मुदतीत मंजुरी मिळणार, तेव्हा मी मनापासून टाळ्या वाजवल्या.

पुढे कळलं की त्यातल्या एका प्रकल्पात आमचाच डोंगर आहे. किनाऱ्याकडच्या एका मोठ्या कामाला भराव हवा होता आणि त्यासाठी तिथला दगड काढायचा होता. आमची नाचणी त्याच डोंगराच्या उतारावर होते.

पाहणीवाले हिवाळ्यात आले. पीक निघालं की आई आणि बा केळवे-माहीमच्या बागायती वाड्यांत कामाला जातात. पाड्यातली बहुतेक घरं अशीच बंद होतात. मी हॉस्टेलवर होते. घरी फक्त मोठा बा, म्हणजे वडलांचा थोरला भाऊ. त्याचे गुडघे गेलेत, म्हणून तो राखणीला राहतो. पाहणीवाल्यांनी गाडी खाली उभी केली आणि त्याला विचारलं, "आजोबा, त्या वरच्या उतारावर शेती कोण करतं?"

"कोनी नाय," मोठा बा म्हणाला.

आयुष्यभर तो हेच म्हणत आलाय. उतार जंगल खात्याच्या जमिनीत येतो. माझ्या आज्यापासून आम्ही तो कसतो, पण कागद नाही. जमीन नावावर व्हावी म्हणून बाने दावा केला, त्यालाही खूप वर्षं झाली. पूर्वी पॅन्ट घातलेला कोणी वर आला आणि शेत कोणाचं म्हणून विचारलं, तर खरं सांगणाऱ्याचा नांगर जप्त व्हायचा. त्यामुळे आमच्याकडे मुलं बोलायला लागली की हे उत्तरही शिकतात. मीही शिकले होते.

कापणी झालेला उतार उघडा होता. त्यांनी फोटो काढला. अहवालात आलं, 'पडीक जमीन, शेती नाही.'

होळीनंतर बोईसरच्या एका सभागृहात जनसुनावणी झाली. आई-बा परत आले होते. माइक आमच्या रांगेपर्यंत आला तेव्हा बाने मला कोपराने ढोसलं. "तू बोल बाय. आमी बोललो का ते हसतात."

मी उभी राहिले. "साहेब, तिथे शेती आहे. पावसाळ्यात या, दिसेल."

"ताई, पाहणी झालेली आहे," अधिकारी शांतपणे म्हणाले. "आता एकाच ऋतूतली पाहणी पुरते. आणि तुमच्याच पाड्यातल्या ज्येष्ठांनी तसं सांगितलंय."

"ते भीतीने बोलले."

"कोणाच्या? आमच्या लोकांनी त्यांना चहा विचारला होता."

पुढच्या रांगा हसल्या. आज्यापासूनची भीती एवढ्याशा वेळात कशी सांगायची? तेवढ्यात माझा वेळ संपल्याची बेल वाजली. मागून कोणीतरी म्हणालं, "डोंगराला बी एक मिनिट द्या, साहेब. जायचा तर त्यालाच हाय." पुन्हा सगळे हसले, आणि माइक पुढे गेला.

ते अधिकारी उद्धट नव्हते. त्यांनी मला ताई म्हटलं. म्हणूनच माझा राग जात नाही. आमचा दावा तपासायचा तर मोठ्या बाचा शब्द चालत नाही. तिथे साक्षीदार आणा, नकाशा आणा, मोजणी होऊ द्या, पुढच्या महिन्यात या. तीच शेती पुसायची असली की त्याच म्हाताऱ्याचे दोन शब्द पुरतात. घाई त्यांची, थांबायचं मात्र आम्ही. मंजुरीला मुदत असते, आमच्या दाव्याला का नसते, हे मला कॉलेजातही कोणी सांगू शकलं नाही.

घरी आल्यावर मोठा बा जेवेना. "माज्यामुलं गेली का जमीन?"

"तू तसा बोलला म्हनून तर इतकी वर्सं ऱ्हायली," बा म्हणाला. "गप जेव."

मग त्याने मला विचारलं, "आता काय करता येल?" मी सांगितलं की लेखी हरकत अजून घेतात, पण शेतीचा पुरावा लागेल, आणि उतार तर उघडा आहे. "मंग राब भाजू," बा म्हणाला. पेरणीआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळतात, तो राब. उतारावरचा राब आम्ही कायम उजाडायच्या आत, धूर दिसू नये असा भाजत आलो.

"ऊन चढल्यावर भाजू," बा म्हणाला.

"येडा झाला का? खाली रस्त्यापर्यंत धूर दिसंल," मोठा बा ओरडला.

"दिसू दे."

दुसऱ्या दिवशी आईने काडी लावली आणि मी फोनवर चित्रण सुरू केलं. वारा नव्हता, धूर सरळ वर गेला. थोड्या वेळाने खालून जंगल खात्याचा एक खाकी कपड्यातला माणूस चढताना दिसला. आईने माझ्याकडे पाहिलं, पण मी फोन खाली घेतला नाही. बा हातातली काठी टाकून त्याला गाठायला उतार उतरू लागला.