दुसरा तीळ

आमच्या गावच्या चित्रकला शिक्षकांनी माझं चित्र चोरलं आणि खाली स्वतःची सही करून प्रदर्शनात टांगलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी गैरसमज झाला म्हणायला नको.

देऊळगाव राजात बसस्टँडजवळ माझं डिझाइनचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, तेरवीचे फोटो. कुणी शिकवलं नाही. दुसऱ्याच्या दुकानात पत्रिकांच्या घड्या घालता घालता बघून शिकले.

एक बाई वारलेल्या आईचा फोटो करून घ्यायला आली. आईचा एकच फोटो, तोही कुणाच्या लग्नातला, अर्धा चेहरा पुढच्या माणसाच्या फेट्याआड. दिसणारा गाल मी उलटा करून दुसऱ्या बाजूला लावला. कान त्या बाईचाच घेतला. साडी, डोक्यावरचा पदर तयार फायलींतला. ओठ मात्र जमेनात. आठ दिवस त्या बाईला समोर बसवून विचारत होते, आई रागावली की कशी दिसायची. शेवटी तिने स्क्रीनकडे पाहून पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "आईच हाय. पण तिले तीळ एकच होता."

गाल उलटा करताना तीळही दोन झाले होते. मी एक पुसला.

ते चित्र मी शाळेतल्या प्रदर्शनाला दिलं. निवड या शिक्षकांकडे होती. त्यांनी परत पाठवलं: सगळे तुकडे आयते, यात कला कुठे आहे? मी म्हटलं, तुमचे रंगही नळीत आयतेच येतात. ते हसले.

उद्घाटनाला गेले, तर भिंतीवर तीच म्हातारी, तैलरंगात. तोच पदर, तोच कान, आणि दोन्ही गालांवर तीळ. त्या बाईने स्क्रीनचा फोटो काढून, शेजारी राहणाऱ्या याच सरांना कौतुकाने मोबाइलवर पाठवलेली माझी पहिली, चुकलेली प्रत त्यांनी उतरवली होती.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, म्हातारीले एकच तीळ होता. दुसरा तुमाले कोनं देला?"

त्यांनी मला बाजूला घेतलं. "ताई, खाली बारीक अक्षरात तुमचं नाव टाकतो ना. फोटो साहाय्य म्हणून."

माझं आयुष्य घासाघिशीत गेलं आहे. न मागता भाव वाढवणारा माणूस घाबरलेला असतो. मी नाही म्हटलं.

तो पुरा चेहरा ना फोटोत होता, ना कुठल्या फायलीत. मी जुळवेपर्यंत तो जगात नव्हता. माझं जुळवणं कला नसेल, तर त्यांनी नक्कल कशाची केली? सरांनी त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर, त्या बाईच्या तोंडाकडे बघून याचं उत्तर द्यावं.