लाल रंगाचा टँकर

दत्ताराम नगरपालिकेचा पाण्याचा टँकर चालवायचा. भाईंदर पूर्वेत राहायचा. समोरच्याच खोलीत त्याचा मेहुणा सुभाष, मुंबईच्या फायर ब्रिगेडमधला. सुभाषचे काळे बूट दाराबाहेर दिसले की दत्तारामच्या पोटात दुखायचं. त्यात बायको सुलू भावाचे पराक्रम शेजारच्या हंसाबेनना हिंदीत तिखटमीठ लावून सांगायची, आणि दत्तारामला घास कडू लागायचा.

एक्याण्णव साली मंत्रालयातून आदेश आला, की प्रत्येक नगरपालिकेनं स्वतःचं अग्निशमन दल उभारावं. सोबत ना गाडी आली, ना माणसं, ना छदाम. रस्ते, गटारं आणि दिवाबत्तीतच तिजोरीचा तळ दिसत होता. मुख्याधिकाऱ्यांनी डोक्याला हात लावला आणि शेवटी दत्तारामच्याच टँकरला लाल रंग मारून वर घंटा बसवली.

"सकाळी सिल्व्हर पार्कच्या वसाहतीला पाणी वाटायचं, नंतर आगीवर जायचं," साहेब म्हणाले. "वरून कोणी तपासायला आलं तर दल दिसलं पाहिजे ना!"

दत्तारामला मात्र आकाश ठेंगणं झालं. सुभाष मनापासून म्हणाला, "भावोजी, रविवारी आमच्या स्टेशनवर या. कुठल्या आगीवर काय मारायचं ते दाखवतो."

"मला नको शिकवूस. उभा जन्म पाण्यातच गेलाय माझा."

त्या उन्हाळ्यात भर दुपारी घरामागच्याच स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्याला आग लागली. सिल्व्हर पार्कला पाणी वाटून टँकर अर्धा झाला होता. तरी घंटा वाजवत दत्ताराम पोचला. "बंब आला, बंब आला!" लोक ओरडले तशी त्याची छाती फुगली. आत रॉकेलचं पिंप पेटलं होतं. त्यानं पाण्याचा फवारा थेट त्यावरच सोडला. पेटतं रॉकेल पाण्यावर तरंगत मधल्या फळ्यांच्या भिंतीखालून शेजारच्या गाळ्यात शिरलं.

रात्रपाळी करून झोपलेला सुभाष घंटा ऐकून बनियनवरच धावत आला. "पाणी बंद करा, भावोजी! रॉकेल आहे ते! वाळू टाका!"

दत्तारामचा हात व्हॉल्व्हवरून हलेना. इथेही हाच? माझ्या गाडीवरही ह्याचीच हुकमत? तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातला कारागीर बाबाजी पाठीवर जाळ घेऊन बाहेर पडला. दत्तारामनं व्हॉल्व्ह बंद केला आणि बाबाजीवर गोणपाट टाकून त्याला जमिनीवर लोळवलं.

बाजूलाच बांधकामाची वाळू पडली होती. सुभाषनं घमेल्यांची रांग लावली. आग विझली. बाबाजी वाचला, पण पाठ कायमची भाजली.

लोकांनी सुभाषला खांद्यावर घेतलं. दत्ताराम रिकामा पाइप गुंडाळत राहिला. माणूस भाजलाय आणि आपण अजून ह्याच्यावरच जळतोय, हे त्याला कळत होतं, तरी जळणं थांबत नव्हतं.

घरी सुलूनं तोंड उघडताच सुभाष म्हणाला, "ताई, त्यांना बोलू नकोस. टँकरवर ना तेलाच्या आगीवर मारायचा फोम, ना वाळूची बादली. नुसत्या आदेशानं आग विझते का?" त्याचा हा चांगुलपणा दत्तारामला शिव्यांपेक्षा झोंबला.

तरी रविवारी तो सुभाषच्या स्टेशनवर गेला. मुकाट्यानं सगळं शिकला. चकचकीत बंब, फोमचे डबे, उंच शिडी बघून त्यानं विचारलं, "हे आपल्या गावाला कोण देणार?"



खरा बंब यायला पुढं कितीतरी वर्षं गेली. तोवर दत्ताराम त्याच टँकरवर वाळूच्या गोणी बांधून आगीवर जात राहिला. अनेक घरं त्यानं वाचवली. हेवा काही गेला नाही. सुभाषला बढती मिळाली तेव्हा सुलूनं दिलेला पेढा त्यानं घेतला, आणि बराच वेळ तो हातातच धरून बसला.